नादाचे आयुष्य

बँजो ह्या वाद्याचा स्वर जन्मतो तोच ओसरू लागतो. सतार छेडली असता तिचा झंकार कानाशी काही काळ रेंगाळतो, तंबोऱ्याचा षड्ज तर एका छेडीपासून दुसऱ्या छेडीपर्यंत अखंड पसरलेला असतो. परंतु बँजोची घोडी लाकडी तबलीवर उभी नसून एका कड्यावर ताणून बसविलेल्या पातळ कातड्यावर उभी असते, आणि ते कातडे तारेच्या ठायी असलेली सारी आंदोलनशक्ती अत्यल्प अवधीत शोषून घेऊन हवेच्या स्वाधीन करीत असल्यामुळे त्या वाद्याचा स्वर जितका मोठा आणि तीक्ष्ण, तितकाच अल्पायुषी होतो. एका छेडीत तारेला मिळणाऱ्या शक्तीची पुंजी ठरलेली असते. ती सावकाश खर्च केली तर स्वर मंद व दीर्घ होणार, एकदम उधळली तर प्रखर व क्षणिक होणार, ह्यापलीकडे तिसरा मार्ग निसर्गाने ठेवलेला नव्हता. तो विजेने काढून दिला. तारांखाली चुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे बसवून पोलादी तारेची हालचाल विद्युत्प्रवाहात उतरविता येऊ लागली, त्या प्रवाहाला बाहेरून हवी तितकी शक्ती पुरविता येऊ लागली, आणि स्वराला मोठे होण्यासाठी लवकर मरण्याचे कारण उरले नाही. ज्या वादकाने निम्मे आयुष्य ह्या मरणाऱ्या स्वराशी संसार करण्यात घालविले, त्याच्यापुढे पोक्त वयात हा दीर्घायुष्याचा वर येऊन उभा राहिला, तर त्याने तो घ्यावा काय? प्रश्न वादनकलेचा दिसतो. माझ्या मते तो धर्मचिंतनाचा आहे, कारण जे नश्वर आहे त्याच्याशी मनुष्याने कोणत्या वृत्तीने वागावे, हा सर्व धर्मांपुढील अगदी मूळचा प्रश्न होय.

हा प्रश्न ज्यांच्या चरित्रात प्रत्यक्ष उभा राहिला ते वादक म्हणजे अर्ल स्क्रग्ज. १९२४ च्या जानेवारीत अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या क्लीव्हलंड परगण्यात, फ्लिंट हिल नावाच्या वस्तीवर, एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील बँजो वाजवीत. परंतु मुलगा चार वर्षांचा असतानाच ते वारले, आणि त्यांचा वारसा म्हणून घरात जे काही उरले त्यात ते वाद्य होते. दहाव्या वर्षी, भावाशी भांडण करून खोलीत एकटेच बसून एक जुनी चाल नकळत छेडीत असता, आपण अंगठा, तर्जनी आणि मध्यमा अशा तीन बोटांनी वाजवीत आहो हे त्या मुलाच्या ध्यानात आले, आणि मग ती गत हातातून निसटू नये म्हणून त्याने तिचा ध्यासच घेतला. तीन बोटांची ही पद्धत त्या मुलखात सर्वस्वी अपरिचित होती असे नव्हे. स्मिथ हॅमेट, स्नफी जेन्किन्स अशा वादकांच्या हाती ती अगोदरच रुळू लागली होती. तथापि तिला जी सफाई, जो वेग आणि जे निर्दोष कालमान प्राप्त झाले ते स्क्रग्ज ह्यांच्या हातून झाले. महायुद्धाच्या काळात शेल्बी येथील सुताच्या गिरणीत मजुरी केल्यावर १९४५ च्या डिसेंबरात ते बिल मन्रो ह्यांच्या वाद्यवृंदात दाखल झाले, आणि ज्याला पुढे ‘ब्लूग्रास’ हे नाव मिळाले त्या संगीताची घडण त्या वृंदात पूर्ण झाली.

त्या तीन बोटांनी काय साधले हे नीट समजून घेतल्यावाचून पुढच्या साऱ्या विवेचनाला अर्थ येणार नाही. बँजोचा एकेकटा स्वर टिकत नाही, म्हणून पूर्वीचे वादक एकतर त्याच्या तुटकपणाचाच ठेका करीत, नाहीतर नखाने तारांवर खाली आघात करून गायकाच्या चालीला आधार देण्यावर संतुष्ट राहत. स्क्रग्ज ह्यांनी आठ आठ स्वरांच्या अशा आवृत्ती बांधल्या की एक स्वर विझण्यापूर्वी दुसरा पेटलेला असावा, दुसऱ्याच्या अस्तापूर्वी तिसरा यावा, आणि त्या अविरत सरीतून चालीचे मुख्य स्वर मात्र ठळक उमटत राहावे. ऐकणाऱ्याला अखंड प्रवाहाचा प्रत्यय येतो. वस्तुतः त्या प्रवाहात एकही बिंदू टिकलेला नसतो. बौद्ध क्षणिकवाद्यांनी जगाविषयी जे म्हटले त्याचे ह्याहून सुबोध उदाहरण मला संगीतात दुसरे आढळलेले नाही. त्यांच्या मते दिव्याची ज्योत रात्रभर एकच भासते, परंतु पहिल्या प्रहराची ज्योत ती मध्यरात्रीची नव्हे. क्षण क्षणाला जन्म देतो आणि नष्ट होतो, आणि त्या परंपरेलाच आपण स्थैर्य समजून बसतो. १९४९ च्या डिसेंबरात लेस्टर फ्लॅट ह्यांच्या साथीने ध्वनिमुद्रित केलेले ‘फॉगी माउंटन ब्रेकडाउन’ ऐकावे, म्हणजे अनित्यतेतून अखंडता निर्माण करण्यासाठी मनुष्याला केवढे श्रम, केवढी एकाग्रता आणि केवढा आनंद खर्ची घालावा लागतो ह्याची कल्पना येते. येथे मरण नाकारलेले नाही, त्याची भीडही बाळगलेली नाही. पुढच्या स्वराची तत्परता एवढेच त्याला दिलेले उत्तर आहे.

तरीही लांबणाऱ्या स्वराची ओढ स्क्रग्ज ह्यांना विजेच्या पुष्कळ आधीपासून होती, ही गोष्ट त्यांच्या टीकाकारांनी विचारात घेतली नाही. १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी ‘अर्ल्स ब्रेकडाउन’ आणि ‘फ्लिंट हिल स्पेशल’ ह्या गती मुद्रित केल्या. त्यांत तार वाजत असतानाच खुंटी पिळून स्वर खाली ओढून पुन्हा वर नेण्याची एक युक्ती त्यांनी योजिली, आणि ती अचूक साधावी म्हणून खुंट्यांजवळ बसवावयाचे एक छोटे यंत्रही स्वतः घडविले. आपल्याकडील श्रोत्याला त्यात मींडेची आठवण होईल. ज्या वाद्याला स्वर धरून ठेवण्याची सोयच नाही त्याच्याकडून, तो जिवंत आहे तेवढ्या निमिषमात्र अवधीत, एक घसीट काढून घेणारा हा मनुष्य आपल्या वाद्याच्या मर्यादांवर संतुष्ट नव्हता आणि त्यांचा तिरस्कारही करीत नव्हता. शोधकाची वृत्ती हीच असते, आणि परंपरेच्या रक्षकांना नेमकी तीच सर्वांत गैरसोयीची वाटते.

१९६९ साली फ्लॅट आणि स्क्रग्ज ह्यांची एकवीस वर्षांची भागी मोडली. फ्लॅट ह्यांना बॉब डिलनची गीते आणि नव्या पिढीची चाल मानवत नव्हती. स्क्रग्ज ह्यांना आपल्या मुलांबरोबर वाजवावयाचे होते, आणि ती मुले विद्युत्-गिटारच्या युगात वाढलेली होती. गॅरी, रँडी आणि पुढे स्टीव्ह अशा तिघा मुलांना घेऊन उभ्या केलेल्या ‘अर्ल स्क्रग्ज रिव्ह्यू’मध्ये विजेची बास-गिटार आली, ढोलकांचा संच आला, आणि बँजोच्या अंगीही तो चुंबक-वेटोळ्याचा पिकअप बसला. ज्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ ह्या संगीत-कार्यक्रमाच्या रंगमंचावर ढोलांना कित्येक वर्षे उघड मज्जाव होता, त्या संस्थेच्या संस्कारात वाढलेल्या रसिकांना हा धर्मत्यागच वाटला. धर्मत्याग हा शब्द मी अलंकार म्हणून वापरीत नाही. ऑप्रीचे नॅशव्हिलमधील रायमन सभागृह मुळात एका धर्मोपदेशकाच्या प्रवचनांसाठी १८९२ साली बांधून पूर्ण झालेले प्रार्थनामंदिर होते, आणि श्रोते तेथे चर्चमधल्याप्रमाणे लाकडी बाकांवर बसत. आसपासच्या डोंगराळ मुलखात असे जुने बाप्टिस्ट पंथ होते, आणि आजही आहेत, की ज्यांच्या उपासनेत कोणत्याही वाद्याला प्रवेश नाही. केवळ मनुष्यकंठ तेवढा शुद्ध, ही त्यांची श्रद्धा. अशा वातावरणात कोणत्या वाद्याला कोठपर्यंत मुभा द्यावी हा प्रश्न रुचीचा न राहता शुचितेचा होऊन बसतो.

१९६९ सालीच १५ नोव्हेंबरला व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ वॉशिंग्टन येथे जो प्रचंड जनसमुदाय जमला त्याच्यापुढे स्क्रग्ज ह्यांनी मुलांसह वादन केले. त्यांच्या परंपरेतील फारच थोडे कलावंत तेथे जाण्यास धजले. पुढे त्यांच्यावर निघालेल्या एका चित्रपटात डिलन आणि जोन बाएझ आहेत, डोंगरातले जुने वादक आहेत, आणि मूग सिंथेसायझर नावाच्या नव्या यंत्रासमवेत बँजो वाजविणारे स्क्रग्जही आहेत. त्या यंत्रात तार नाही, कातडे नाही, नळी नाही. विजेच्या आंदोलनातून तेथे थेट स्वर निर्माण होतो. पंचेचाळिशी उलटलेला, आपल्या कलेत अव्वल ठरलेला हा शांत मनुष्य त्या यंत्रासमोर ज्या निःसंकोच कुतूहलाने बसला, ते कुतूहल मला त्याच्या सर्व पारितोषिकांहून मोलाचे वाटते.

शुद्धतेच्या पुरस्कर्त्यांना एक गोष्ट विचारली पाहिजे: बँजोचे कोणते रूप तुम्ही मूळ समजता? पश्चिम आफ्रिकेत सेनेगल-गँबियाच्या मुलखात आजही भोपळ्याच्या पोकळीवर कातडे ताणून केलेली तंतुवाद्ये वाजतात. तेथून गुलाम करून नेलेल्या लोकांनी कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत ती स्मरणातून पुन्हा घडविली. हॅन्स स्लोन ह्या वैद्याने जमैकात अशी वाद्ये पाहून १७०७ साली आपल्या ग्रंथात त्यांचे चित्र छापले. साउथ कॅरोलायनात १७३९ मध्ये गुलामांनी बंड केल्यावर पुढच्याच वर्षी सरकारी कायद्याने त्यांना ढोल, कर्णे आणि तत्सम मोठ्या आवाजाची वाद्ये बाळगण्याची बंदी झाली. ढोल गेला, परंतु कातड्याची ती थाप ह्या तंतुवाद्याच्या पोटात दडून राहिली, आणि तिच्यावर हुकूम बजावणे कोणाला सुचले नाही. नंतर भोपळा जाऊन लाकडी कडे आले, पडदे आले, आतड्याच्या तारांऐवजी पोलादी तारा आल्या, पाठीशी नाद परतविणारी लाकडी थाळी आली, आणि १९५० नंतरच्या दशकात खुद्द कातडे जाऊन प्लॅस्टिकचा पडदा आला. ज्या वाद्यावर गोऱ्या विदूषकांनी तोंडाला काजळी फासून काळ्या माणसांची विटंबना केली, तेच पुढे गोऱ्या डोंगराळ शेतकऱ्यांची वडिलार्जित मिरास समजले गेले. इतक्या स्थित्यंतरांतून एखादी खूण टिकली असेल तर ती अंगठ्याकडच्या आखूड तारेची. ती बहुधा एकाच स्वरात घुमत राहते आणि बाकीच्या तारांच्या धावपळीला बैठक देते. अठराव्या शतकाच्या अखेरीस काढलेल्या एका चित्रात, साउथ कॅरोलायनातील मळ्यावर एक कृष्णवर्णीय वादक भोपळ्याचा बँजो वाजवीत आहे, त्यातही ती दिसते. विजेला हरकत घेणाऱ्याने ह्या दीर्घ वहिवाटीत विजेपाशीच येऊन सीमा का आखावी, ह्याचे समाधानकारक उत्तर मला कधी मिळालेले नाही.

येथवर वाद्याचे झाले. परंतु स्वराचे काय? आपल्याकडील दर्शनकारांनी शब्द नित्य की अनित्य ह्यावर शतकानुशतके वाद केला आहे. नैयायिकांच्या मते शब्द हा आकाशाचा गुण असून संयोगाने किंवा विभागाने तो उत्पन्न होतो. पहिला शब्द दुसऱ्याला जन्म देऊन नष्ट होतो, आणि पाण्यावरील तरंगांप्रमाणे ही परंपरा श्रोत्याच्या कानापर्यंत पोहोचते. मीमांसकांना हे मान्य नाही. शब्द नित्य आहे, मुखातील प्रयत्न त्याला उत्पन्न करीत नाही, केवळ प्रकट करतो, असा त्यांचा पक्ष. मीमांसकांना चिंता होती ती वेदांच्या शब्दाची, वाद्याच्या ध्वनीची नव्हे. त्यामुळे त्यांचा सिद्धांत जसाच्या तसा येथे लावणे न्याय्य होणार नाही. तरी प्रश्न जवळचा आहे. विजेच्या स्पर्शाने बँजोतून जो स्वर निघाला तो त्या वाद्यात सुप्त होता आणि आता प्रकट झाला, की तो सर्वस्वी नवा जन्मला? पहिले म्हटले तर परंपरा अभंग राहते, दुसरे म्हटले तर वादकाला निर्मात्याचा मान मिळतो. कलावंत सहसा दोन्ही पदरात पाडून घेऊ पाहतो.

भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त काढलेली तोड मला ह्या संदर्भात सर्वांत सूक्ष्म वाटते. त्याने ध्वनीचे दोन प्रकार केले. शब्दतत्त्व म्हणजे स्फोट ज्याच्या योगाने प्रथम प्रकट होतो तो प्राकृत ध्वनी. आणि प्रकट झाल्यावर जो मागे रेंगाळतो, ज्याच्यामुळे उच्चार द्रुत, मध्यम वा विलंबित भासतो, तो वैकृत ध्वनी. कालाचा भेद वैकृताच्या अंगी असतो, स्फोटाला तो स्पर्श करीत नाही. ही व्यवस्था मान्य केली तर आमचा वाद एका वाक्यात मिटतो: बोटाची छेड हा प्राकृत ध्वनी, विजेने लांबविलेला अंश वैकृत, सबब तत्त्वाला बाध नाही. परंतु माझे मन येथे स्वस्थ होत नाही. शब्दाच्या बाबतीत लांबी गौण असू शकते, कारण ‘गाय’ हा शब्द घाईने उच्चारला काय किंवा संथ उच्चारला काय, बोध एकाच पशूचा होतो. संगीतात स्वराच्या लांबीपलीकडे उभा असलेला असा वेगळा बोध कोठे आहे? तेथे स्वर किती वेळ टिकला हाच त्याच्या अर्थाचा मोठा भाग असतो. क्षणभर झळकून गेलेला गांधार आणि श्वास संपेपर्यंत धरलेला गांधार ही एकाच पदार्थाची दोन रूपे नव्हेत. ते दोन निरनिराळे अनुभव आहेत, आणि त्यांच्यात आयुष्याकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आहेत. तेव्हा वैयाकरणाचा निकाल येथे लागू होत नाही, आणि विजेने बँजोच्या मर्माला हात घातला हे विरोधकांचे म्हणणे, त्यांनी दिलेल्या कारणांसाठी नसले तरी ह्या कारणासाठी, गंभीरपणे घ्यावे लागते.

विजेच्या नादाला नादच न मानण्याचा जो एक पक्ष आहे त्याचा मात्र येथेच निकाल लावता येईल. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यात नादाचे आहत व अनाहत असे भेद सांगून, अनाहताची उपासना मुनी करतात, ती मुक्ती देते पण मन रमवीत नाही, आणि आहत मात्र लोकांचे रंजनही करतो व भवबंधही तोडतो, अशा आशयाचे प्रतिपादन त्याने केले आहे. विजेचा स्वर आघातावाचून निघतो म्हणून तो ‘खोटा’, असे म्हणणाऱ्यांनी विद्युत्-बँजोकडे नीट पाहावे: तार तीच आहे, नखी तीच आहे, बोट तेच आहे; चुंबक फक्त त्या तारेची कंपने वाचतो. मूग यंत्रातही शेवटी ध्वनिक्षेपकाचा पडदा हवेवर थाप मारतो तेव्हाच ऐकू येते. जे काही कानांनी ऐकू येते ते सर्व आहत, ह्या कोटीतून वीज सुटत नाही, आणि अनाहताच्या पायरीवर चढण्याचा अधिकारही तिला मिळत नाही.

आपल्या महाराष्ट्राला हा प्रश्न दुरून पाहण्याचा वाटू नये. नागोया येथे १९१२ साली एका जपानी कारागिराने टंकलेखन यंत्रासारख्या कळा लावून घडविलेले तंतुवाद्य पुढे हिंदुस्थानात बुलबुलतरंग म्हणून पसरले, आणि मुंबईत व कोकणात त्यालाच ‘बँजो’ म्हणू लागले. अमेरिकन बँजोशी त्याचे नावापलीकडे नाते नाही; परंतु विजेशी त्याने जमविलेला संसार तितकाच लक्षणीय आहे. लालबाग-परळच्या रस्त्यांवरून गणपतीच्या मिरवणुकीत निघणाऱ्या बँजो पार्टीतील त्या वाद्याचा स्वर ध्वनिवर्धकावाचून ताशाच्या गर्दीत क्षणभरही टिकणार नाही. वीज मिळाल्यावर तो कोळीगीताची चाल गायकासारखी धरू लागतो, आणि शेकडो माणसे त्याच्या मागे देवाला निरोप देण्यास चालू लागतात. हा नाद भक्तीत बसत नाही असे म्हणण्यास मी धजणार नाही. १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटात सबंध देशाला डोलविणारी पुंगी मुळात पुंगी नव्हतीच. क्लॅव्हिओलिन नावाच्या विद्युत्-यंत्रावर कल्याणजींनी ती वाजविली होती, आणि गावोगावच्या गारुड्यांनी पुढे आपल्या खऱ्या पुंगीवर तिचीच नक्कल केली. १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली ती तिचा स्वर विजेचा म्हणून नव्हे, तर ठरीव व मींडविरहित म्हणून. तरी कीर्तनकाराच्या मागची पेटी त्या फर्मानाने कोठेही थांबली नाही. भक्तिसंप्रदायाने वाद्याची जात विचारलेली नाही, हा आपला अनुभव आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. पतंजलीने जे पाच क्लेश सांगितले त्यांत शेवटचा अभिनिवेश, म्हणजे जगण्याला चिकटून राहण्याची आसक्ती. ती विद्वानालाही सोडीत नाही, असे त्याचे निरीक्षण आहे. स्वर लांबविण्याच्या हौसेत हा अभिनिवेश असू शकतो. विजेच्या तारवाद्यांच्या पुष्कळशा संगीतात तो मला ऐकू येतो: स्वर सोडवत नाही, म्हणून तो धरला जातो, वाढविला जातो, विकृत करून पुन्हा वाढविला जातो, आणि अखेरीस त्याच्या आयुष्याला अर्थ उरत नाही. ह्या कसोटीवर स्क्रग्ज ह्यांचे १९७० नंतरचे वादन घासून पाहिले तर एक विलक्षण गोष्ट दिसते. त्यांनी विजेकडून आवाज घेतला, आयुष्य घेतले नाही. मुलांच्या गिटार लांब श्वास घेतात, बास गुंजत राहते; वडिलांची तीन बोटे मात्र पूर्वीच्याच आवृत्ती टाकीत जातात, प्रत्येक स्वर पूर्वीसारखाच जन्मतो आणि जागा रिकामी करून देतो. दीर्घ स्वर ज्यांचा धर्म आहे त्यांच्या मेळ्यात त्यांनी आपला अल्पायुषी स्वर नेऊन बसविला आणि त्याची प्रकृती बदलू दिली नाही. ‘रिव्ह्यू’चे सर्वच संगीत मला प्रिय आहे असे नाही, काही ध्वनिमुद्रिकांत ढोलकांच्या गदारोळात बँजो बुडून जातो, आणि ज्याच्यासाठी हा सारा मेळ जमला तोच ऐकू येत नाही, ह्याचे दुःख होते. परंतु बुडणे हा वादनाचा दोष झाला, श्रद्धेचा नव्हे.

ह्याहून वेगळे मार्गही सचोटीचे असू शकतात. पोर्टर वॅगनर ह्यांच्या वृंदातील बक ट्रेंट ह्यांनी १९६० नंतरच्या दशकातच विद्युत्-बँजो घडवून घेतला होता, आणि त्याला तरफा लावून ते स्टील-गिटारसारखा स्वर वाकवीत. फ्लॅट ह्यांनी तर वेगळे झाल्यावर जुन्या वाद्यांचाच मेळ पुन्हा उभारला, आणि मार्टी स्टुअर्ट नावाच्या कोवळ्या मुलाला आपल्या गाडीत घेऊन जुनी विद्या दिली. ज्याने विजेला नकार दिला त्याचा नकार मला संकुचित वाटत नाही. एका जागी पाय रोवून उभे राहणे ही देखील साधना असते, आणि फ्लॅट नसते तर त्या परंपरेचे कितीतरी धागे तुटले असते. १९७९ मध्ये फ्लॅट वारले. त्याआधी ते रुग्णशय्येवर असताना, वर्षानुवर्षे अबोला धरलेले स्क्रग्ज त्यांना भेटून आले. दोघांनी आपापल्या निर्णयांची फिर्याद एकमेकांविरुद्ध पुन्हा उभी केल्याचे कोठे नमूद नाही.

मग दीर्घायुष्याचा तो वर घेण्याचा अधिकार कोणाला? अधिकार हा शब्द आपल्या शास्त्रांत वयाला धरून येत नाही. तयारीला धरून येतो. न्यूयॉर्कमध्ये वाढलेले बेला फ्लेक ह्यांनी लहानपणी दूरचित्रवाणीवर स्क्रग्ज ह्यांचा बँजो ऐकून हे वाद्य हाती घेतले, आणि १९८८ पासून ‘फ्लेकटोन्स’ ह्या आपल्या वृंदात विद्युत्-बँजो वाजवून त्यांनी नेमका तो दीर्घ स्वर मागून घेतला जो स्क्रग्ज ह्यांनी घेतला नव्हता. त्यांचे काही संथ तुकडे ऐकताना प्रथम माझ्या मनाला खटकले, कारण बँजोच्या मुखातून सनईसारखा लांबलेला स्वर निघाला की वाद्य आपली भाषा विसरले असे वाटते. परंतु हे वादक तेथेच थांबले नाहीत. बँजोच्या मुळाचा शोध घेत ते आफ्रिकेत गेले. युगांडा, टांझानिया, गँबिया आणि माली येथील वादकांबरोबर त्यांनी साधा बँजो वाजविला. २०२१ मध्ये ब्लूग्रासच्या घरी परतून मोठा ग्रंथ म्हणावा असा संग्रह मुद्रित केला. आणि उस्ताद झाकिर हुसेन, एडगर मायर व राकेश चौरसिया ह्यांच्यासह २०२३ मध्ये ‘अ‍ॅज वी स्पीक’ ही तबकडी काढली. त्या तबकडीत तबला आणि बँजो ही ताणलेल्या पडद्याची दोन वाद्ये समोरासमोर बसली आहेत. तबल्याला आपल्याकडे कोणी अल्पायुषी म्हणून हिणवीत नाही, कारण त्याच्या प्रत्येक बोलाच्या विझण्यातूनच काळ मोजला जातो. बाजूला बासरीचा श्वास आणि मायर ह्यांच्या गजाचा दीर्घ स्वर आहेच. त्या सोबतीत फ्लेक ह्यांचा बँजो ऐकताना माझ्या ध्यानात येते की, लांबलेल्या स्वराच्या देशात इतकी वर्षे राहून आलेल्या ह्या वादकाच्या आखूड स्वरांची घाई आता पुष्कळ कमी झाली आहे. तीन बोटांच्या आवृत्ती तो मध्येच थांबवितो, एखादा स्वर टाकून त्याला एकट्याला संपू देतो, आणि पुढचा स्वर लगेच आणीत नाही.